‘कुपोषणाने नाही, न्यूमोनियाने’

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात एखादं मूल दगावलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: मूल न्यूमोनियाने गेलं, कुपोषणाने नाही. कधी न्यूमोनियाच्या जागी जुलाब असतात, कधी ताप, कधी कमी दिवसांची प्रसूती. वाक्याचा साचा तोच राहतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली आणि कोणाला माहीत नसलेली ही गावं राज्यभर गाजली. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या बालमृत्यूंची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली. मधल्या काळात ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, सरकारं बदलली, योजनांची नावं बदलली. हे वाक्य मात्र आजही मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या बाजारपेठेत, एसटीत, तालुक्याच्या बैठकीत तसंच ऐकू येतं.

ते टिकलं याचं कारण त्याचा पूर्वार्ध खरा असतो. न्यूमोनिया झालेला असतो, केसपेपरवर लिहिलेला असतो, डॉक्टरांनी छाती तपासलेली असते. गफलत उत्तरार्धात आहे. ‘न्यूमोनियाने’ म्हटलं की ‘कुपोषणाने नाही’ हे आपोआप सिद्ध झालं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. दोन कारणं एकत्र नांदू शकतात ही शक्यताच त्यात मोडीत काढलेली असते. तर्कशास्त्रात याला खोटा पेच म्हणतात: दोनच पर्याय समोर ठेवायचे, एक मान्य करायला लावायचा आणि दुसरा निकालात काढायचा.

शरीर असं चालत नाही. अपुऱ्या आहाराने मुलाची प्रतिकारशक्ती खालावते, मग साधं सर्दीचं दुखणं छातीत उतरतं. आजारात भूक मरते, जुलाबात खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन आणखी घटतं आणि पुढचा आजार त्याहून जोरात येतो. धडधाकट मूल ज्या न्यूमोनियातून आठवड्यात उठतं, त्याच न्यूमोनियात हे मूल जातं. जगभरात पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यूंमागे अपुरं पोषण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१३ मध्ये हे प्रमाण ४५ टक्के मांडलं होतं. या मुलांच्या कागदांवरही न्यूमोनिया, जुलाब, गोवर हेच लिहिलेलं असतं. ‘भूक’ असा रोग कोणत्याच केसपेपरवर नसतो.

दवाखान्यात मृत्यू झाल्यावर डॉक्टर भरतात तो मृत्यूच्या कारणाचा दाखला एकदा नीट पाहावा. पहिल्या भागात सर्वांत वर तात्काळ कारण लिहायचं असतं. त्याच्याखाली, ते कशामुळे ओढवलं. त्याच्याखाली, त्याच्याही मागचं मूळ कारण. शेवटी वेगळा दुसरा भाग असतो: मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर बाबी. म्हणजे मृत्यूला एकच कारण असतं हे हा कागद बनवणाऱ्यांनी कधी मानलंच नव्हतं. खालच्या रकान्यांत काय भरलं, भरलं की नाही, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, कारण पहिल्या ओळीवरच वाद संपवलेला असतो.

तोच प्रश्न अंगणवाडीतही विचारता येतो, आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. सेविकाताईंकडे दंडघेर मोजायची एक पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची, खाचेतून ओढायची आणि रंग बघायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषित, ज्याला सगळे ‘सॅम’ म्हणतात. पिवळा म्हणजे मध्यम कुपोषित, ‘मॅम’. श्रावणात न्यूमोनियाने गेलेल्या मुलाची पट्टी ज्येष्ठात कोणत्या रंगावर होती, एवढं नोंदवहीत पाहिलं तरी ‘कुपोषणाने नाही’ या दाव्याची तपासणी होते. घरचे लोक ही नोंद न वाचताही ती सांगत असतात. ‘साहेब, पोर दिवाळीपासून अंग धरत नव्हतं,’ असं आई म्हणते, आणि समोरचे म्हणतात, ‘मावशी, ते वेगळं. पोराला न्यूमोनिया झाला होता.’

हा केवळ वादविवादातला डावपेच असता तर त्यावर इतकं लिहायची गरज नव्हती. पण कारण ठरलं की फाइल कुठे जाणार ते ठरतं. मृत्यू न्यूमोनियाचा म्हटला की प्रश्न आरोग्य विभागाचा. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. आईला गरोदरपणात चौरस आहार मिळाला का, हा प्रश्न २०१५ पासून सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा, म्हणजे आदिवासी विकासचा. बापाला गावात काम होतं का, हा रोजगार हमीचा. एकाच मुलाच्या मृत्यूचे चार तुकडे चार कार्यालयांत जातात आणि प्रत्येक तुकड्यावर ‘आमच्याशी संबंधित नाही’ असा शेरा बसू शकतो. एका चुकीच्या युक्तिवादाची ही किंमत आहे, आणि ती युक्तिवाद करणाऱ्याला मोजावी लागत नाही.

याच्या जोडीला आणखी एक दावा येतो: आमच्या नोंदीत एवढे मृत्यू नाहीत. पुरावा नाही, म्हणजे घटना नाही. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने राज्यातल्या इतर संस्थांना सोबत घेऊन गावोगाव प्रत्यक्ष मोजणी केली आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला, तेव्हा बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं समोर आलं. न मोजलेली मुलंही मेलीच होती. खोडाळ्याच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तिथे मूल आजारी पडून गेलं तर ते कोणत्या अंगणवाडीच्या वहीत दिसणार?

दुसऱ्या बाजूचीही तपासणी व्हायला हवी. प्रत्येक बालमृत्यू हा भूकबळीच, असं ठोकून देणारे कार्यकर्ते आणि वार्ताहर तोच दोष उलट्या बाजूने करतात. जन्मतःच हृदयाचं व्यंग असलेलं मूल, प्रसूतीत गुदमरलेलं मूल, सर्पदंशाने गेलेलं मूल या सगळ्यांना एकाच आकड्यात घातलं की पहिली खोट निघताच पूर्ण यादी फेटाळायला आयती सबब मिळते. ज्यांना या मुलांची कळकळ आहे त्यांनी तर मोजताना जास्तच काटेकोर असलं पाहिजे.

सर्पदंशाचा विषय निघालाच आहे, तर तिथला युक्तिवाद वेगळा आणि तितकाच जीवघेणा आहे. भातलावणीच्या दिवसांत साप चावला की पुष्कळ ठिकाणी माणसाला आधी भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेतात. भगताने उतारा केला, माणूस बरा झाला, म्हणून उताऱ्याने बरा झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की आपण कावळ्याला जबाबदार धरत नाही. जुन्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय असं नावही देऊन ठेवलं आहे. भगताच्या बाबतीत मात्र तीच गाठ पुरावा ठरते. महाराष्ट्रातल्या बहुतेक जातींचे साप बिनविषारी आहेत. माणसं दगावतात ती प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषाने, आणि हे चौघेही कधीकधी विष न सोडता नुसते दात लावतात. म्हणजे भगताकडे गेलेल्यांपैकी बरेच जण घरी बसले असते तरी वाचले असते. जे वाचले ते गावात हिंडून सांगतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर झाला’ किंवा ‘दोरीच तेवढी होती’ असं म्हटलं जातं. माणूस वाचला तर मंत्राचा गुण, मेला तर नशिबाचा दोष. ज्या दाव्याला हरण्याची वाटच ठेवलेली नाही, तो दावा कधी तपासलाच गेलेला नसतो.

विष चढलं आहे का, हे पाहायला माणसाला तिखट मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चावायला देतात. चव कळली तर विष नाही, असा समज. त्यात किती मोलाचा वेळ जातो हे मण्यारीच्या दंशात दिसतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही धड सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. तोवर ‘खूण नाही, म्हणजे साप नाही’ हा निष्कर्ष काढून सगळे मोकळे झालेले असतात. दवाखान्यात घोणस-फुरशाच्या विषासाठी जी चाचणी करतात ती याहून अवघड नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, हात न लावता वीस मिनिटं उभं ठेवायचं आणि मग नळी कलती करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात आहे आणि प्रतिविष द्यायचं. इथे उत्तर प्रत्यक्ष रक्तातून मिळतं, मिरचीच्या चाचणीशी तिचा फरक तोच आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे पाड्यापाड्यावर माहीत असायला हवं.

आता शहरातला वाचक मान डोलावून म्हणेल, बघा, अंधश्रद्धा आहे म्हणून यांची माणसं मरतात. इथे त्यालाही थांबवणं भाग आहे. भगताचा युक्तिवाद चुकीचा आहे यावरून माणसं त्याच्याकडे केवळ अडाणीपणामुळे जातात हे सिद्ध होत नाही. भगत पाड्यावर असतो, रात्री दोन वाजता उठतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला गाडी लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत एका महिलेची घरीच मुदतपूर्व प्रसूती झाली. जुळी बाळं दगावली आणि रस्ता नसल्याने तिला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत न्यावं लागलं. ‘वेळेवर दवाखान्यात का गेली नाही?’ असं विचारणाऱ्याने जायला वाट होती हे आधीच गृहीत धरलेलं असतं. जे सिद्ध करायचं तेच प्रश्नात पेरून ठेवायचं, ही सवय टीव्हीवरच्या चर्चांत रोज दिसते.

आणखी एक शिक्का या माणसांवर फार सहज मारला जातो: आळशी आहेत, सगळं फुकट मिळतं म्हणून कष्ट नकोत. पावसाळ्यात कसाऱ्याहून विहीगावचा धबधबा बघत, सूर्यमाळच्या हवेसाठी खोडाळ्याकडे येणारी मंडळी नाक्यावर बसलेले चार-सहा पुरुष पाहतात आणि घरी जाऊन तालुक्याचा स्वभाव सांगतात. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. माणसांचं तसं नसतं. याच मंडळींनी फेब्रुवारीत यावं. कुलूप लागलेली किंवा म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडलेली घरं दिसतील, कारण कर्ती माणसं सहा-सहा महिने विटा पाडत असतात. जे लोक वर्षातले एवढे दिवस भट्टीच्या धगीत काढतात त्यांना आळशी म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे.

स्थलांतराबद्दलचा सरकारी युक्तिवादही स्वतःभोवतीच फिरतो. कामाला मागणी नाही, म्हणून काम काढलं नाही. काम निघत नाही, म्हणून लोक जातात. लोक गावात नाहीत, म्हणून मागणी नाही. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्राने दिली. राज्याने कायदा १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. केंद्राच्या त्या कायद्याने पंधरा दिवसांत काम आणि पंधरा दिवसांत मजुरी असं बंधन घातलं. मजुरी महिनोन्महिने रखडते आणि भट्टीचा मुकादम मात्र दिवाळीला उचल हातात ठेवतो, तेव्हा मजूर कोणाकडे जाईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्याला शहराची ओढ आहे, असं म्हणणारे रखडलेल्या मजुरीचा उल्लेख टाळतात.

पाण्याच्या बाबतीत तर साधी बेरीज-वजाबाकीच युक्तिवाद मोडून काढते. मोखाड्यात धो धो पाऊस पडतो, वैतरणा इथूनच वाहते, मुंबईसाठी बांधलेला मध्य वैतरणा प्रकल्प कोचाळ्याजवळ आहे, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. हे बोललं की उत्तर मिळतं: मग काय मुंबईला तहानलेली ठेवायची? पुन्हा तोच खोटा पेच, मुंबई की मोखाडा. मध्य वैतरणेतून मुंबईला मिळणारं पाणी दिवसाला ४५.५ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप लावलं तर तालुक्याची रोजची गरज होते सुमारे ४६ लाख लिटर. म्हणजे या एका धरणातून मुंबईला जाणाऱ्या पाण्याच्या एक टक्का. अडचण आहे ती पाणी खोल दरीत आणि पाडे वर पठारावर असल्याची, म्हणजे पंप, वीज, नळ आणि देखभालीची. ती खर्चाची आणि इच्छेची अडचण आहे. मुंबईकराच्या बादलीतून कोणी पाणी ओतून घेत नाही.

‘सगळेच म्हणतात’ या पुराव्याने या जिल्ह्यात माणसं मारली गेली आहेत. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार केलं. मुलं पळवणारे फिरताहेत ही अफवा त्याआधीपासून पसरत होती. धूर दिसला तर आग असणारच, असं न्यायशास्त्र शिकवतं, पण मोबाइलवर पुढे ढकललेला निरोप म्हणजे धूर नव्हे. तो शंभर जणांनी पाठवला म्हणून त्याला शंभर साक्षीदार मिळत नाहीत. ज्याने प्रत्यक्ष पाहिलं असा एकही माणूस त्या शंभरांत नसू शकतो. आणि घटनेनंतर ‘पालघरचे आदिवासी असेच’ म्हणणाऱ्यांनी जमावाची चूक घरात बसून पुन्हा केली.

फसवे युक्तिवाद ओळखायला शिकवताना एक धोका असतो, तोही इथे सांगितला पाहिजे. दोषांची नावं पाठ झाली की माणूस समोरच्याचं ऐकणं बंद करतो आणि नावं फेकायला लागतो. बोलणारा संस्थेचा आहे म्हणून खोटं बोलतोय, सरकारी आहे म्हणून लपवतोय, बाहेरचा आहे म्हणून त्याला काय कळणार: माणूस बघून मुद्दा फेटाळण्याचे हे सगळे प्रकार हुशार माणसांकडूनच जास्त होतात. एखाद्याचा युक्तिवाद लंगडा असला तरी त्याचं म्हणणं खरं असू शकतं. सभेत रागाने ‘सरकारने पोर मारलं’ म्हणणाऱ्या बापाचं वाक्य तर्काला धरून नसेल, पण त्याच्या पाड्यावर दोन महिने पोषण आहार आला नव्हता हे खरं असू शकतं. अशा वेळी वाक्याची चिरफाड करत बसण्यापेक्षा आहाराची वही मागवावी.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे, आणि त्यानुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मिळू शकते. खोडाळ्याच्या आणि आसपासच्या गावांच्या तरुणांना, बचत गटांतल्या बायांना विनंती आहे की येत्या ग्रामसभेत तीन वह्या टेबलावर मागवा. वर्षभरातल्या बालमृत्यूंची नोंद, त्या मुलांच्या वजनाची आणि दंडघेराची नोंद, आणि रोजगार हमीच्या कामाच्या मागणीच्या तारखा. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘न्यूमोनियाने’ असं उत्तर आलं तर ते मान्य करा आणि लगेच विचारा, त्याआधीच्या महिन्यात पट्टी कोणत्या रंगावर होती? मिळालेलं उत्तर, किंवा उत्तर मिळालं नाही हे, सभा संपण्याआधी इतिवृत्तात लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.